एकच धूर

गावातल्या सगळ्या चुली बंद होऊन एकच सामुदायिक स्वयंपाकघर झालं, तेव्हा घरोघरची लोखंडी भांडी भट्टीत गेली. देशाला पोलाद हवं होतं. एका घरच्या धाकट्या सुनेने एक कढई तेवढी दडवली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तोंडात दात नाही, आणि तिथलं जेवण घरी न्यायचं नाही असा नियम. आता सगळं सगळ्यांचं होतं. म्हातारी तेवढी हिच्या एकटीची.

पेज शिजवायची ती भरदिवसा. मैदानातली भट्टी काळे लोट सोडायची. त्यात हिच्या चुलीकडे कोण बघतंय?

त्या दिवशी पेजेला उकळी आली आणि बाहेर एकदम सामसूम झाली. भाता थांबला होता. तिने खिडकीतून पाहिलं. भट्टी विझलेली. गावावर स्वच्छ आभाळ, आणि त्यात धुराची एकच रेघ, हिच्या छपरातून निघालेली.

तिने जाळावर पाणी ओतलं. धूर दुप्पट झाला.

दारावर थाप पडली. भट्टीच्या पथकाचे प्रमुख, म्हणजे तिचे थोरले दीर. लपवलेल्या तव्यापायी त्यांनी एका बाईला भरसभेत दिवसभर उभं केलं होतं. ती बाई अजून कुणाशी बोलत नव्हती.

"भाऊजी, मी..." तिने दार उघडलं. ते आत शिरले.

"हळू. अख्खं गाव वर बघतंय."

"थोरला का गं?" आतून सासूबाई. "मोठा साहेब झालास, आईला विसरलास होय रे? बस, पेज घे."

"आई, आवाज नको."

"माझ्याच घरात?"

दिरांनी कढईकडे पाहिलं. "लोखंड संपलंय. संध्याकाळपर्यंत आणलं नाही, तर सभेत मी उभा." गेली कढई, तिला वाटलं. कढई गेली म्हणजे सासूबाई गेल्या.

पण ते दाराकडे वळले. कडी, कोयंडा, आतला लोखंडी अडसर, सगळं उचकटून त्यांनी पोत्यात भरलं. "कुणी विचारलंच, तर उवा झाल्या म्हणून आईचं अंथरूण जाळलं म्हण."

"उवा? मला?"

ते गेले. ती दाराला पाठ लावून बसली. बाहेर पावलं वाजत होती. थांबत होती, पुन्हा वाजत होती.

"अगं, पेज निवतेय," सासूबाई म्हणाल्या.

दार सोडून उठायचा तिला धीर होईना.