मीच नीट पडलो नाही

आमच्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य आहे. कुस्तीत कुणी जखमी झाला की ज्याने फेकलं तो दवाखान्यात जाऊन कमरेतून वाकतो, माफी मागतो. आणि जो खाटेवर पडलेला असतो तो म्हणतो, "मीच नीट पडलो नाही." खरं असो नाहीतर खोटं, म्हणायचं. दहातल्या नऊ वेळा ते खोटंच असतं. पण म्हटलं की विषय मिटतो आणि दोघं पुन्हा एका बसमध्ये बसून एकमेकांच्या डब्यातलं लोणचं खायला मोकळे होतात. पंच म्हणून सत्तावीस वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कुणी म्हणायला लागलं की माझं लक्षच नसतं.

मिनेगिशीने मात्र ते म्हटलं नाही. ज्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, नेमका तोच गप्प बसला.

मी आणि मिनेगिशी एकाच वर्षी, जपानभर कुस्त्यांचे खेळ करणाऱ्या आमच्या कंपनीत आलो. गुडघा गेल्यावर मी पंच झालो, तो पैलवान झाला. ज्युनियर हेवीवेट, म्हणजे वजन शंभर किलोच्या आत. तो आयुष्यभर ब्याण्णवचाच राहिला. वजन वाढव, वरच्या गटात घालतो, असं मालकांनी दोनदा सांगितलं. हा म्हणाला, मी जड झालो तर पडताना पाठीचा तो खणखणीत आवाज येणार नाही. विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी पाच वेळा लढला आणि पाचही वेळा हरला. अकरा महिने मेक्सिकोत मुखवटा घालून लढून आला, तिथेही कुणाला त्याचं नाव आठवत नसेल. पण पडावं मिनेगिशीनेच. त्याला फेकणारा किरकोळ पोरगाही त्या दिवशी राक्षस वाटायचा. नव्या मुलांना पडायला तोच शिकवायचा, रोज तीनशे वेळा, हनुवटी छातीला टेकवून. हनुवटी सुटली की मान गेली, हे तो इतक्यांदा बजावायचा की मुलं जेवतानाही हनुवटी छातीला लावून त्याची नक्कल करायची.

त्या मुलांपैकीच एक त्सुयुकी. कंबर धरून मागच्या मागे कमान टाकून फेकायचा, अगदी देखणं. चार वर्षांपूर्वी योनेझावा गावच्या व्यायामशाळेत, भर कुस्तीत त्याने मिनेगिशीला तसंच फेकलं. मी पंच, दोन हातांच्या अंतरावर होतो. रिंगच्या कडेला साप्ताहिकाचा छायाचित्रकार बसला होता, आणि हवेत असताना मिनेगिशीने तोंड त्याच्याकडे वळवलं. हनुवटी सुटली. आवाज वेगळाच आला. मी डोक्यावर हात आडवे धरून फुली केली. ती खूण आम्ही उगाच करत नाही. डॉक्टर धावत आले.

मान मोडली, पण माणूस वाचला. चौदा महिन्यांनी रिंगमध्ये परतलाही.

त्सुयुकी दर सोमवारी दवाखान्यात जाऊन वाकत होता. मिनेगिशी म्हणायचा, "ठीक आहे. नाशपाती घे." बस, एवढंच. त्यामुळे झालं काय, तर सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. सभ्यतेपुरतं असलेलं वाक्यसुद्धा मिनेगिशी म्हणत नाही, म्हणजे पोराने केवढी घोडचूक केली असेल! प्रेक्षक त्सुयुकीला 'मानमोड्या' म्हणू लागले. दुसऱ्या कंपनीचे पैलवान त्याच्याशी लढायला कां कू करायचे. त्याने ती फेक सोडून दिली. बिचाऱ्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मला संताप यायचा. मिनेगिशीचा, अर्थात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती धरून बसला होता.

गेल्या ऑक्टोबरात मिनेगिशीची निवृत्ती ठरली. साकाता हे त्याचं गाव, तिथे रविवारी दुपारी शेवटची कुस्ती. शेवटचा प्रतिस्पर्धी ज्याचा त्याने निवडायचा असतो. याने त्सुयुकीला निवडलं. आणि त्याच आठवड्यात मालकांनी मला सांगितलं, की त्सुयुकीने या कुस्तीनंतर धंदा सोडतो म्हणून लिहून दिलंय. वय एकोणतीस. मेहुण्याच्या टायरच्या दुकानात जाणार.

आमच्याकडे रिंग पैलवानच लावतात. रविवारी सकाळी मिनेगिशी, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा, खाली बसून दोरांचे नट आवळत होता. मी शेजारी जाऊन बसलो आणि त्सुयुकी चाललाय, असं सांगितलं.

त्याचा पाना थांबला. "टायरच्या दुकानात? त्याची कमान बघितलीयस ना तू?"

"चार वर्षं कुणीच बघितली नाही. का ते तुला माहीत आहे."

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तू पाहिलं होतंस?"

"दोन हातांवर होतो."

"नुकाता, माझ्याकडे पट्टा नाही. एकही नाही. लोक मला ओळखतात ते एवढ्याचसाठी, की मिनेगिशी पडायला चुकत नाही. तेवढंच आहे रे माझ्याकडे."

"आणि त्या पोराकडे काय आहे?" मी तावातावाने विचारलं. भूमिका छान वठवली मी. तो पाना उचलून पुढचा नट आवळायला लागला.

कुस्ती तेवीस मिनिटं चालली. कोण जिंकणार हे आधी ठरतं की नाही, हे बाहेरच्यांना सांगायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे विचारू नका. मधेच मिनेगिशीने पाठ फिरवली, त्सुयुकीचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कमरेभोवती गुंफले. टाक, म्हणून. सभागृह श्वास रोखून बसलं. त्सुयुकीने बोटं सोडवली आणि मागे सरला. "भित्रा मानमोड्या," कुणीतरी गॅलरीतून म्हणालं आणि लोक हसले. शेवटी त्याने मिनेगिशीला साधं खांदे टेकवून दाबून धरलं, मी मोजत तीनदा हात आपटला, आणि मिनेगिशीची पैलवानकी संपली.

मग फुलं झाली, रंगीत कागदी फिती झाल्या, आणि माइक त्याच्या हातात आला. आभार मानायचे असतात. त्याने आईचे मानले, मालकांचे मानले.

"योनेझावात माझी मान मोडली," तो म्हणाला, "तेव्हा त्सुयुकीची काही चूक नव्हती. मीच नीट पडलो नाही."

मला वाटलं, सुटलो. आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढं मोठं मन! पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. एक म्हातारा ओरडला, "असा असतो माणूस!"

मिनेगिशी गोंधळला. "नाही, खरंच सांगतोय," तो म्हणाला. टाळ्या वाढल्या. तो आणखी एकदा म्हणाला, तर आणखी वाढल्या. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात म्हटलं असतं तर निदान विषय मिटला असता. आता या खऱ्याला कुणी खरं मानायला तयार नव्हतं. जितकं जास्त सांगत होता तितका तो थोर होत होता आणि त्सुयुकी तितकाच मानमोड्या राहत होता.

त्सुयुकी रिंगखाली कडेला उभा होता. त्याने मिनेगिशीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

रागावलेला नव्हता तो. नुसता पाहत होता, आणि तेव्हा मला समजलं की त्याला सगळं ठाऊक आहे. ज्याच्या हातांनी फेकलं त्याला हनुवटी सुटल्याचं कळणारच की. दोन हातांवर कोण उभं होतं, हेही कळणारच. चार वर्षं मी मिनेगिशीला मनात शिव्या घालत होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला बरोबर दिसत होतं.

पंच रिंगमध्ये बोलत नाही. बोटं दाखवतो, हात आपटतो, एवढंच. रिंगमध्ये पाहिलेलं बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम, आणि त्या नियमामागे मी फार आरामात लपलो होतो. मी पुढे होऊन मिनेगिशीच्या हातातून माइक घेतला. त्याने लगेच दिला.

"मी पंच नुकाता," मी म्हणालो. "मिनेगिशी हे तोंडदेखलं म्हणत नाहीये. मी दोन हातांवर होतो. त्सुयुकीची फेक बरोबर होती. मिनेगिशीने फोटोसाठी तोंड वळवलं आणि हनुवटी सुटली. मी ते पाहिलं, आणि चार वर्षं गप्प बसलो. त्सुयुकी, मला माफ कर."

मी कमरेतून वाकलो. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. वाकलेल्या अवस्थेत मला मिनेगिशीचे बूट दिसले, आणि मग त्याचंही डोकं माझ्या शेजारी खाली आलं. गॅलरीतला तो आवाज आता कुठे गेला होता कुणास ठाऊक.

निवृत्तीच्या वेळी घंटेचे दहा टोले पडतात तेव्हा रिंगमध्ये फक्त जाणारा माणूस उभा राहतो. घंटावाला हातोडी उचलून माझ्या उतरण्याची वाट पाहत होता. मी दोरातून खाली आलो. कडेला सगळे पैलवान दाटीवाटीने उभे होते. त्सुयुकीने बाहीने नाक पुसलं, माझ्याकडे न पाहता थोडा बाजूला सरकला आणि मला उभं राहायला जागा दिली.