अर्ध्या तासात येतो

मित्रांनो, माझी बिजागरी तुटली आहे, म्हणून भिंतीला टेकून बोलतो. मी एक जुना लॅपटॉप आहे. दहा मिनिटांत तापून बंद पडतो, तेव्हा थोडक्यात सांगतो.

मला एका शाळेच्या प्रयोगशाळा सहायकाने घेतले. पुढे त्यांच्या पत्नीला विसर पडू लागला, तेव्हा साठी उलटलेला हा माणूस माझ्यावर पायथन ही संगणकाची भाषा शिकला. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा लिहून त्यांनी तिच्यासाठी एक वेब-पान उभे केले. त्यावर आजचा वार येई, घरच्यांचे फोटो आणि नाती येत, आणि ते स्वतः कुठे गेले आहेत तेही. रोज सकाळी ती त्या पानाबद्दल विचारी, "उघडलं का तुमचं दुकान?" मला धन्य वाटे.

चूक एकच झाली. पान चालायला लायब्रऱ्या लागतात, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड. त्या त्यांनी वर्षानुवर्षे माझ्यात सरमिसळ भरल्या.

"बाबा, यातल्या कोणत्या लागतात त्याची यादी करा," मुलगी म्हणे.

"यादी कशाला? सगळं इथं आहे." ते कपाळावर टिचकी मारत. "तुझ्या आईचा विसर काही मला लागायचा नाही."

लागला नाहीच. गेल्या महिन्यात ते औषध आणायला बाहेर पडले आणि रस्त्यातच गेले. यादीही गेली. त्याच संध्याकाळी दुकान उघडायला म्हणून आईने मला उचलले, आणि मी तिच्या हातून सुटलो.

आता मुलगी माझ्याशेजारी नवा लॅपटॉप घेऊन बसली आहे. माझ्यातले फोल्डर तिने त्यात घेतले, प्रकल्पाला वेगळी जागा आखून दिली, पान सुरू करायची आज्ञा लिहिली. लाल ओळ आली: अमुक लायब्ररी सापडत नाही. तिने ती घातली. पुन्हा लाल ओळ, दुसरे नाव. एकीची नवी आवृत्ती जुन्या कोडशी पटेना. बाबांची कोणती होती ते बघायला तिने मला चालू केले, आणि मी ऐन वेळी विझलो. पाच वेळा विझलो; सहाव्यांदा तिने आवृत्तीचा आकडा टिपून घेतला.

मागून आई म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?"

"आई, मी आहे गं."

"असाल. हे येऊन दुकान उघडतील, मग कळेल मला."

चौदाव्या नावानंतर लाल ओळ आली नाही. पान उघडले. वार बरोबर होता. आईने फोटोवर बोट ठेवून वाचले, "ही आपली मुलगी." मग वळून तिच्याकडे नीट पाहिले, आणि तिच्या गालाला हात लावला.

फोटोंखाली बाबांनी जाताना लिहिलेली ओळ होती: 'औषध आणायला चाललोय. अर्ध्या तासात येतो.'

"मग कडी नको घालूस," आई म्हणाली.

ओळ पुसायला मुलीचे बोट कळीवर गेले आणि तिथेच राहिले.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण घरात कोणी "माझ्या डोक्यात आहे" म्हणाले, तर वही घेऊन त्याच्यासमोर बसा. आजच बसा. माझा पंखा घरघरू लागला आहे. मुलगी उठली आहे, आणि दाराची कडी काढते आहे.