कूलरचं बटण

विहारातला कूलर सुरू असला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं त्याचं त्यालाही ऐकू येत नाही. आमच्या हुडकेश्वरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तो बंद करा म्हणणं म्हणजे पोरांशी वैर घेणं. आणि मी रोज दुपारी चारला त्याच पोरांना गोष्ट वाचून दाखवायला जात होतो.

मी संघपाल गजभिये. तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झालो आणि मुलांसाठी गोष्टी लिहायला बसलो. हा आपल्या हातचा मळ आहे असं वाटलं होतं. परिपाठात रोज एक बोधकथा सांगून जीभ झिजली होती माझी. पण नागपुरातल्या सदर भागातून निघणाऱ्या एका मासिकाच्या संपादक अबोली यांनी माझ्या दोन गोष्टी परत केल्या. दुसऱ्या वेळी फोनवर म्हणाल्या, "सर, तुमच्या गोष्टीतली मुलं फार लवकर शहाणी होतात. पुढची गोष्ट पाठवण्याआधी खऱ्या मुलांना वाचून दाखवा. ती कुठे चुळबुळ करतात ते बघा."

माझ्या मुलीच्या वयाची बाई मला मुलं शिकवणार. दोन दिवसांनी राग उतरला आणि भीती उरली. बायकोला, नंदिनीला, मी सांगून टाकलं की तिसरी गोष्टही फसली तर वह्या रद्दीत आणि मी आरामखुर्चीत.

"अजी, तुमाले बसवन का आरामखुर्चीत?" ती म्हणाली. तिला उत्तर माहीत होतं.

विहारात पोरांनी पहिल्याच दिवशी नियम ठरवला. नऊ वर्षांची दामिनी त्यांची पुढारी. ती कूलरच्या बटणाशी बसणार. गोष्ट चांगली असली तर कूलर बंद, म्हणजे नीट ऐकू येईल. कंटाळा आला की सुरू. मी हो म्हटलं. अंगात मास्तरकीचा ताठा होता.

सत्यवादी सशाची गोष्ट दुसऱ्या पानावर गेली आणि कूलर घरघरला. मी आवाज चढवला. तीस वर्षं वर्ग गाजवलेला आवाज, पण कूलरपुढे हरला. दुसऱ्या दिवशी कष्टाळू मुंगीची तीच गत. चौथ्या दिवशी मी चिडून वही मिटली आणि दामिनीला विचारलं, "काहून वं, काय वाईट हाय ह्या गोष्टीत?"

"वाईट नाई, आबाजी," ती म्हणाली. "पण आमाले पहिलेच समजते. मुंगी जिंकन, आन् मंग तुमी आमाले रागवान."

मी कुठे रागावतो? घरी येऊन वही चाळली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी रागावलो होतो. गोड शब्दांत, पण रागावलोच होतो. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं पोरं माझ्यासमोर हाताची घडी घालून बसली, ती ऐकत होती की सुटकेची वाट पाहत होती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वही न घेता, तासभर आधीच गेलो. दामिनी विहाराच्या मागच्या बाजूला पाइप लावून कूलरची टाकी भरत होती. मध्येच ती कूलरच्या बाजूला लावलेल्या वाळ्याच्या ताटीला कान लावून उभी राहिली.

"काय ऐकून राहिली वं?"

"आमच्या घरच्या कूलरमंदी बेडूक हाय. इथं हाय का पाहून राहिली." मग थोडा विचार करून म्हणाली, "आबाजी, त्याले मालूमच नसन ना, बाहेर उन्हाळा हाय म्हणून?"

मी तिथेच ओट्यावर बसलो. तीस वर्षांत एकाही पोरानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. किंवा मी विचारू दिला नव्हता.

तीन दिवस विहारात गेलो नाही. कूलरच्या टाकीतल्या बेडकाची गोष्ट लिहीत होतो. त्याला वाटतं, बारा महिने पावसाळाच असतो. एकदा घरची माणसं लग्नाला गावी जातात, टाकी आटते आणि बेडूक ताटीतून डोकं बाहेर काढून जन्मात पहिल्यांदा मे महिना बघतो. नंदिनी पोळ्या लाटत असताना तिला वाचून दाखवायचो. ज्या वाक्याला लाटणं थांबलं नाही, ते खोडलं. अर्धी गोष्ट गेली. शेवटचं पान मात्र तिला दाखवलं नाही. त्यावर मी पाण्याचं महत्त्व लिहिलं होतं. सवय जात नाही.

चौथ्या दिवशी गोष्ट सुरू केली आणि दामिनीनं कूलर बंद केला. पोरं घामाघूम झाली, पण पाणी प्यायला कुणी उठलं नाही. बेडूक तापलेल्या गच्चीवर उतरला. दोरीवरच्या चादरीची सावली जिकडे सरकेल तिकडे तोही सरकू लागला. छोट्या आयुषनं पाय पोटाशी ओढून घेतले. मी पान उलटलं.

"तर मुलांनो, पाण्याचा प्रत्येक थेंब..."

दामिनीचा हात बटणाकडे गेला. ती माझ्याकडे बघतही नव्हती, हात आपोआप गेला होता. ते बटण दाबलं गेलं असतं तर घरी जाऊन मी खरंच वह्या बांधल्या असत्या. मी कागद पालथा घातला. पुढे काय, ते मलाच माहीत नव्हतं.

"मंग?" आयुषनं विचारलं.

"मग," मी म्हटलं, "त्याला नवी टाकी हवी होती. पण आयुष्यभर घरघर ऐकून त्याचे कान किटले होते. त्यानं वस्तीतला एकेक कूलर ऐकून पाहिला. सगळे घरघरत होते. शेवटी एक मोठा कूलर सापडला, दुपारी चारला बंद असलेला. आत गार पाणी होतं, अंधार होता, आणि बाहेर कुणीतरी गोष्ट वाचत होतं."

दामिनीचा हात खाली आला. तिनं कूलरकडे पाहिलं. मग सगळीच पोरं उठली आणि मागच्या बाजूला पळाली. टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, "ढकलू नको ना गा" ऐकू आलं. मी तापलेल्या हॉलमध्ये एकटा बसलो होतो, सदरा पाठीला चिकटला होता आणि डोळे भरून आले होते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

खिडकीत दामिनीचं डोकं दिसलं.

"आबाजी, इकडं या ना. तुमी बोला. तो तुमचा आवाज ओळखते."

मी गेलो. पोरांनी वाट करून दिली. टाकीवर वाकलो आणि हळू आवाजात गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.