माझ्या पायाला झेपेल असा क्लच

क्लच गेला तो डोंगराच्या चढावर. आमच्या हॅमिल्टनचं अर्धं गाव खाली तळ्याकाठी आणि अर्धं डोंगरावर. आम्ही वर राहतो, आणि माझं काम पार तळ्यावरच्या पुलापलीकडे, बर्लिंग्टनच्या एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात. दिवसभर ओल्या चादरी उपसून मी घरी निघाले होते. चढावर अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी मात्र पुढे सरकेना. जळका वास नाकात गेला. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडूही येत नव्हतं, इतकी दमले होते.

गाडी ग्लेनची, माझ्या नवऱ्याची. घेतली तेव्हा चारचौघांसारखीच होती. मग दर हिवाळ्यात गॅरेजचं दार लावून तो तिच्यात काही ना काही बसवत गेला. मोठा टर्बो, मोठा पंप, आणखी कायकाय. शेवटी ती साडेपाचशे हॉर्सपॉवरची झाली, आणि त्यावर तो भलताच खूश होता. क्लच तेवढा जुनाच राहिला होता. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता मागच्या शरदात छपराच्या पन्हळीतला पाचोळा काढताना ग्लेन शिडीवरून पडला. डाव्या घोट्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी सळ्या घालून घोटा कायमचा जखडून टाकला. आता पाऊल वाकत नाही, गाडी चालवणं सुटलं. त्याच हिवाळ्यात माझी जुनी गाडी गंजून भंगारात गेली, तेव्हा त्याची लाडकी माझी रोजची झाली.

गाडी ओढत नेली ती ऑर्लांडोच्या गॅरेजमध्ये. ऑर्लांडो ग्लेनचा शाळेपासूनचा मित्र. त्याने गिअरबॉक्स उतरवला आणि क्लचप्लेट माझ्यासमोर धरली. घासून घासून गुळगुळीत झालेली, कडेला काळीनिळी. यापेक्षा अर्ध्या ताकदीच्या इंजिनासाठी होती ती, इतके दिवस टिकली हेच नशीब, असं तो म्हणाला.

कुठला नवा क्लच घालायचा हे ग्लेनने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. धातूच्या तुकड्यांचा, कडक. ताकदीचा एक थेंब वाया घालवत नाही म्हणे. ऑर्लांडोच्या स्वतःच्या गाडीत तोच होता. तो म्हणाला, आधी चालवून बघ, मग बोलू.

मी बसले. पेडल दाबायचं म्हणजे पायाने कपाट सरकवायचं. गॅरेजच्या गल्लीतच गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुटली ती अशी उसळली, की शेजारी बसलेल्या ऑर्लांडोच्या हातातली कॉफी त्याच्या जॅकेटवर. बिचारा रुमालाने पुसत राहिला. कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जाऊन येईस्तोवर माझी मांडी थरथरायला लागली होती. आणि मला तर सकाळ-संध्याकाळ त्या पुलावर मुंगीच्या पावलांनी सरकायचं असतं.

ऑर्लांडोने मग नीट समजावलं. हा क्लच एकतर धरतो नाहीतर सोडतो, मधलं काही त्याला ठाऊक नाही. दोन प्लेटांचा घेतला तर ताकदही पेलेल आणि पायही सुखात राहील, पण तो आमच्या ऐपतीबाहेरचा. तिसरा एक होता. प्लेट जुनीसारखीच मऊ अस्तराची, फक्त दाबणारी स्प्रिंग जास्त जोरदार. पेडल आधीपेक्षा किंचित जड, बाकी धरतो अलगद. पण तो चारशेच्या वर टिकणार नाही. म्हणजे इंजिनाची ताकद उतरवायला लागणार.

हे ग्लेनला सांगायचं कसं, या विचारात मी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळायला टाकल्या. तो पाय खुर्चीवर ठेवून, घोट्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसला होता. सगळं ऐकून घेतलं.

"कमी करायची?" तो म्हणाला. "आठ वर्षं मी ती वाढवत आलोय, नादीन."

"माहितेय मला."

"महिनाभरात पायाला सवय होते गं. मला नसती झाली?"

"तुला झाली असती. पण आता पाय माझा आहे."

त्याची नजर स्वतःच्या पायाकडे गेली. माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण शब्द निघून गेला होता. समजूत घालायचंही त्राण नव्हतं. मी पिरोगी वाढल्या आणि दोघं जेवलो.

पुढचे दिवस बसचे. डोंगरावरून खाली एक, मग पुलापलीकडे दुसरी, आणि मधल्या थांब्यावर चिखलबर्फात उभं राहणं. घरी आले की बूट काढायच्या आधीच टेबलाशी डोळा लागायचा. ग्लेन बघायचा. माझ्यापुढे सूपचा वाडगा सरकवायचा आणि आत जायचा. मीही हट्टाला पेटले होते असं नाही. वाद घालायलासुद्धा अंगात जोर लागतो.

शनिवारी मी कामावर असताना ऑर्लांडोचा फोन आला. मऊ क्लच मागवलाय, म्हणाला. मी विचारलं, कोणी सांगितलं? तो जरा घुटमळला. मग त्याने सांगितलं ते असं. सकाळी ग्लेन टॅक्सीने आला होता. कडक क्लचच मागव, असं सांगायलाच आला असावा. पण आधी ऑर्लांडोच्या गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसला आणि डावा पाय पेडलवर ठेवला. दाबून बघितलं. पाऊल वाकेना म्हणून गुडघ्याने जोर लावला, मग हाताने मांडी दाबली. पेडल अर्ध्यातही जाईना. कपाळावर घाम आला. नंतर बराच वेळ तो तसाच बसून होता.

"मी बाजूला जाऊन पाने-पक्कड पुसत बसलो," ऑर्लांडो म्हणाला. "उतरल्यावर म्हणाला, तिला झेपेल तो घाल. मी म्हटलं, ताकद उतरवायला लागेल. म्हणाला, ते मी करतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस."

घरी गेल्यावर मी त्यातलं काहीच काढलं नाही. ग्लेन एवढंच म्हणाला, की ऑर्लांडोच्या मते रोजच्या वापराला मऊच बरा. मी म्हटलं, असेल.

क्लच बसला. ग्लेन इंजिनाला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसला आणि मी चालवत असताना ताकदीचा एकेक आकडा खाली आणत गेला. दर वेळी विचारायचा, आता कशी वाटते? मला फरक कळत नव्हता, पण मी खरंखुरं लक्ष देऊन उत्तर द्यायचे. ऑर्लांडोने बजावलं होतं, नवा क्लच रुळेपर्यंत, म्हणजे पहिले आठशे किलोमीटर, गावातच, थांबत-निघत, जोर न लावता. ग्लेन म्हणाला, तुझ्या पुलावरच्या रांगेइतकी चांगली जागा नाही त्याला.

रविवारी आम्ही खाली तळ्याच्या रस्त्याने किराणा आणायला गेलो. आठवडाभर चादरी उचलून माझा उजवा खांदा भरून आला होता. इथल्या गाड्यांत चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताने; तो टाकताना तोंडातून हलकेच "आई गं" निघायचं. दोन सिग्नल त्याने ऐकून घेतलं. तिसऱ्याला आपला डावा हात गिअरवर ठेवला.

"तू पाय सांभाळ," तो म्हणाला. "हात माझा."

पहिल्यांदा गिअर कर्रकन ओरडला. मी पेडल पुरतं दाबलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला. किती दिवसांनी हसला, कोण जाणे.

"आता?"

"थांब... हं, आता."

दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. मग तिसरा. रस्ता मोकळा होता, पण जोर लावायचा नव्हता, त्यामुळे आम्ही पन्नासनेच चाललो होतो. मागच्या गाड्या आम्हाला ओलांडून जात राहिल्या.

दुकानात तो फार हिंडला, घोटा सुजला. घरी आल्यावर मी बर्फाची पिशवी भरून दिली आणि त्याने माझ्या खांद्याला मलम चोळलं. चोळता चोळता म्हणाला, उद्या पुलावर गर्दी असेल, जरा लवकर निघ.

सोमवारी मी लवकर निघाले. गर्दी होतीच.