संत योवानची मेणबत्ती

चार दिवस बर्फ पडलं, पाचव्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला आणि त्याच बर्फावर पाऊस पडू लागला. जानेवारीतली ऊब आमच्या डोंगरात कुणालाच आवडत नाही. वुकमानकाकांच्या घरामागच्या उतारावरच्या बर्फात सकाळीच लांबलचक आडवी भेग दिसली. शेळ्या तेव्हाच ओढ्यापलीकडे, माझ्या शाळेच्या अंगणात आल्या. शेळ्यांना घराणं नसतं.

काकांना होतं, आणि त्या दिवशी त्यांच्या घराण्याच्या संताचा, योवानचा सण होता. या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. दार उघडं, मेणबत्ती पेटलेली, आणि यजमान दिवस मावळेपर्यंत बसत नाही, उभ्यानं वाढतो. आम्ही सात जण काकांची समजूत घालायला गेलो आणि अर्थातच जेवायला बसलो.

"काका, शाळेत चला. उतारावरचं बर्फ सुटणार."

"मास्तर, हॅम घ्या."

"भेग बघितलीत का?"

"बघितली. पाहुणे बसलेत आणि यजमान पळाला, असं म्हणू दे होय लोकांना? मी हलत नाही."

"आणि भिंत हलली तर?" टपालवाल्या मिलुशानं विचारलं.

"तिची मर्जी."

स्तामेनाकाकू चाळीस वर्षं हा आवाज ऐकत होत्या. त्यांनी हात पुसले, जळती मेणबत्ती उचलली, वर पातेल्याचं झाकण धरलं आणि पावसात निघाल्या.

"अगं, कुठे?"

"मेणबत्ती शाळेत. पाहुणे मेणबत्तीपाशी. तुम्ही बसा इथे निवांत."

आजच्या दिवशी यजमानाला 'बसा' म्हणणं ही शिवीच. आम्ही ताटं घेऊन उठलो. पाहुणे रांगेनं चाललेत आणि वाढायला कुणी नाही, हे काकांना बघवेना. हॅमची अख्खी तंगडी खांद्यावर टाकून, बाटली काखेत मारून ते बडबडत मागे आले.

तीनच्या सुमाराला आवाज झाला, फार मोठा नाही. ओलं बर्फ सावकाश येतं, कालवलेल्या सिमेंटसारखं. आम्ही शाळेच्या खिडकीतून बघत राहिलो. ते मागच्या भिंतीतून घरात शिरलं आणि उघड्या दारातून अंगणात येऊन थांबलं.

मेणबत्ती जळत होती.

"बोलावलं नव्हतं," काका शेवटी म्हणाले. "म्हणजे रीतीला धरूनच आलं."

काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. "आता तरी बसा हो."

"दिवस मावळू दे," काका म्हणाले आणि माझ्या ताटात हॅम वाढलं. तुकडा मोठा पडला.