सगळे एक जूनचे

मी शाळेचं जनरल रजिस्टर बोलतोय. लोहारा तालुक्यात, तेरणेच्या धरणाजवळच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. पन्नाशी कधीच ओलांडली. पाठीचं लाल कापड विटलंय, कोपरे उंदरांनी चाखलेत. तरी आज ताठ मानेनं बोलतोय, कारण गेल्या वर्षी एका परदेशी कंपनीला मी उत्तर दिलं!

माझी बांधणी सोलापुरात झाली. मल्लिनाथ गुरुजींनी मला एसटीत मांडीवर घेऊन गावात आणलं. बत्तीस वर्षं माझ्या पानांवर त्यांचंच अक्षर उमटत राहिलं. अक्षर मोत्यासारखं, तारखा मात्र सगळ्या अंदाजपंचे.

त्याचं असं झालं. गुरुजी जूनमध्ये घरोघर फिरून पोरं गोळा करायचे. जन्म कधीचा विचारलं, की आया सांगायच्या, "पोळ्याच्या आसपास बगा गुरुजी, लई पाऊस झालता तवा." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला, की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनची, म्हणून जन्मतारीख एक जून. कुणाची तक्रार नव्हती. गावात वाढदिवस करतंय कोण?

राजपालचं नाव याच रीतीनं चढलं. पुढं तो वीज मंडळात लाइनमन झाला. दोन हजार चारमध्ये त्यानं लेकीला, क्षमाला, बोट धरून आणलं. तिची आई मथुराबाई म्हणाली, "थंडीचे दिवस हुते." गुरुजींनी मान डोलावली आणि एक जून लिहिलं.

नंतर संगणक आले आणि माझी सद्दी संपली. कपाटात माझ्यावर खिचडीच्या तांदळाची रिकामी पोती येऊन पडली. माणसांना गरज सरली की आठवण राहत नाही, हे मी तिथं शिकलो.

गेल्या वर्षी अचानक ती पोती उचलली गेली. समोर मुख्याध्यापिका सोनालीबाई, राजपाल आणि क्षमा. पोरगी इंजिनिअर झालेली, पुण्यात नोकरीला. नेदरलँड्समधल्या एका कंपनीनं, संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायला तिला निवडलं होतं. पाच मुलाखती पार झाल्या आणि घोडं कागदपत्रांत अडलं. बापाची जन्मतारीख एक जून, आईची एक जून, मुलीचीही एक जून! तपासणाऱ्यांना संशय आला. दहा दिवसांत मूळ नोंद दाखवा, नाहीतर नोकरी रद्द, असं पत्र आलं.

राजपाल बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "बाई, पोरीची तारीक तेवडी जानेवारीतली करा. थंडीतलाच जन्म हाय तिचा. कोण बगतंय?"

टेबलावर पेन होतं. खरं सांगतो, माझं पान न् पान थरथरलं. आयुष्यात अंगावर खाडाखोड लागू दिली नव्हती.

"न्हाय जमायचं, राजपालभाऊ," बाई म्हणाल्या. "एक खाडाखोड सापडली तर तिचे सगळेच कागद खोटे ठरतील."

"आन् नोकरी गेली तर?"

"पप्पा, थांबा," क्षमा म्हणाली. ती मला चाळत होती. एक पान, दुसरं, तिसरं. मग हसायलाच लागली. "माझं एकटीचंच पान कशाला पाठवायचं? सगळीच पाठवू. लपवलं तर संशय. उघडं केलं तर काय करतील?"

तिनं व्हरांड्यात उजेडात मला उलगडलं आणि बाईंच्या परवानगीनं मोबाइलवर एकेक पानाचा फोटो काढला. इतरांची नावं झाकली, तारखा तेवढ्या उघड्या ठेवल्या. पानामागून पान एक जून, एक जून, एक जून. मधेच एखादी दोन जून, तेव्हा गुरुजींची शाई सांडली असेल. सोबत तिनं गुरुजींची रीत लिहिली. शेवटी लिहिलं, 'माझा खरा दिवस कुणालाच ठाऊक नाही, पण पहिल्या दिवसापासून कागदावर हीच तारीख आहे.'

चार दिवस राजपालला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी क्षमा धावत शाळेत आली आणि मोबाइलवरचं उत्तर मराठीत वाचून दाखवलं. 'एका मुलीच्या नोकरीसाठी अख्खं गाव, तेही तिच्या जन्माच्या आधीपासून, खोटं बोलेल असं आम्हाला वाटत नाही. तुमची वाट पाहतो आहोत.'

राजपालनं मला उचलून छातीशी धरलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. मथुराबाईंनी शाळाभर पेढे वाटले. मला काय वाटलं म्हणून विचारता? पुन्हा कोरा झालो असं वाटलं!

आता माझ्यावर पोती नसतात, बाईंनी कापडात बांधून ठेवलंय. एक विनंती आहे. लेकराची खरी तारीख जन्मताच लिहून ठेवा, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पुन्हा साक्षीला उभं करू नका.

मात्र लाज म्हणाल तर मुळीच नाही. क्षमानं यंदा आपल्या कंपनीत गावातल्या हणमंतप्पांच्या रुद्रेशचं नाव सुचवलं. तोही याच शाळेचा, तोही एक जूनचा. त्याचे कागद गेले, तेव्हा तिकडून एवढंच विचारलं गेलं, "गाव तेच ना?"