आठवडाभर न गायलेली बाई

ऑफिसात सगळे त्याला ‘कानसेन’ म्हणायचे आणि ती थट्टा आहे हे कळूनही तो सुखावायचा. खिशातल्या प्लेअरला नवा महागडा हेडफोन लावल्यापासून तर स्वारी हवेतच होती. “जुन्यात गायिका कानात ओरडायची. यात कशी अदबीने मागे उभी राहते!” असं तो आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होता.

रविवारी आत्या आली. त्याने हौसेने तिच्या कानांवर हेडफोन चढवून तिचं आवडतं गाणं लावलं. आत्याने कडवंभर वाट पाहिली.

“वाजवतात छान रे, पण बाई गाणार कधी?”

“आत्या, त्याला कान तयार लागतो.”

आत्याने प्लेअर हातात घेतला आणि अर्धवट बसलेली पिन अंगठ्याने खट्कन आत दाबली. “आली बघ!” म्हणत ती मान डोलवू लागली.

त्याने हेडफोन आपल्या कानांवर घेऊन ऐकलं. बाई थेट कानात गात होती, अगदी जुन्या हेडफोनसारखी. आधी त्याचा चेहरा पडला, मग त्याचं त्यालाच हसू फुटलं.

सोमवारी त्याने ऑफिसात स्वतःच सांगून टाकलं, “आठवडाभर पिन अर्धी आत होती आणि अक्कल पूर्ण बाहेर!”

सगळे खो खो हसले. त्याच्या शब्दावर विश्वासून तसाच हेडफोन घेतलेल्या कॅशियरबाईंनी मात्र गुपचूप आपली पिन चेपून पाहिली.